नव्या जातीचा दावा

सह्याद्रीच्या रानात एखादी अनोळखी अळंबी दृष्टीस पडणे आणि शास्त्राच्या दप्तरी ती नवी जाती म्हणून रुजू होणे, यांमधील अंतर किती मोठे आहे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चालते तसले काम जवळून पाहिल्यावाचून उमगत नाही. ताज्या अळंबीची कैफियत अल्पायुषी असते. रंग उतरतो, गंध विरतो, म्हणून छत्राचा व्यास, त्याखालच्या पटलांची दाटी, देठ चिरल्यावर पालटणारा वर्ण हा सर्व तपशील प्रथम टिपून घ्यावा लागतो. देठ छाटून छत्र रात्रभर कागदावर पालथे ठेवले, म्हणजे गळलेल्या बीजाणूंची रांगोळी उमटते आणि तिच्या रंगावरून पुढील चौकशीची दिशा ठरते. उरलेला नमुना मंद उष्णतेवर वाळवतात.

मग त्यातून पात्याने काढलेला अतिपातळ छेद पोटॅशच्या पाण्यात फुगवायचा, मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात बीजाणू निळसर काळे होतात, तांबूस तपकिरी होतात की निर्विकार राहतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, आणि मिलिमीटरच्या हजारांश मापाने एकेकाची लांबी-रुंदी मोजत राहायचे. कारण दोनचार बीजाणूंच्या साक्षीवर जाती उभी राहत नाही.

परंतु खरी कसोटी मला निराळ्याच ठिकाणी दिसते: हाती आलेली वस्तू पूर्वीच कोणी वर्णिलेली नाही ना, या शोधात. बर्कली आणि ब्रूम या इंग्रज कवकशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात सिंहलद्वीपातील कवकांची वर्णने प्रसिद्ध केली. तिकडच्या आणि सह्याद्रीच्या अरण्यांचे नाते निकटचे, त्यामुळे नव्या वाटलेल्या अळंबीचे नाव जुन्या लॅटिन ओळींत आधीच नोंदलेले असू शकते. डीएनएच्या आयटीएस नामक खंडाची तुलना येथे मोठे साह्य करते खरी, पण जुन्या नमुन्यांचा डीएनए पुष्कळदा हाती लागत नाही, आणि मूळ वर्णन ओळ न् ओळ वाचणे टळत नाही. नव्या जातीच्या वर्णनासाठी 2012 पासून लॅटिनची सक्ती उठली, 2013 पासून नावाचा नोंदणी-क्रमांक अनिवार्य झाला; मात्र नाव एका निश्चित नमुन्याशी बांधलेले असावे, ही अट आजही अढळ आहे.

एके काळी भारतातील असे कितीतरी मूळ नमुने इंग्लंडमधील क्यू येथील संग्रहात रवाना होत. 1946 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतून आघारकर संस्था उभी राहिली, आणि तिच्यातील आजरेकर यांच्या नावाच्या कवकसंग्रहामुळे असा नमुना पुण्यातच जतन होऊ लागला, याचे मोल मला फार वाटते. उद्या कोणी हरकत घेतली, तर तेच पाकीट उघडून, वाळक्या छत्राचा कण भिजवून, बीजाणू पुन्हा मोजता येतात.