एकच गेम, दोन गल्ले: फुकट द्यायचं की पैसे घ्यायचे?



पुण्यात बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तरी आज बर्फावरून घसरणाऱ्या एका मोबाईल गेमबद्दल लिहितोय, कारण 'फुकट द्यायचं की पैसे घ्यायचे' हा प्रश्न मला त्या गेममुळे सुटला. निदान अर्धा तरी.

गेमचं नाव आल्टोज ॲडव्हेंचर. आल्टो हा लामा राखणारा पोरगा. कळप पळतो आणि हा स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून, डोंगरउतारावरून त्यांना पकडत सुटतो. स्क्रीनवर बोट टेकवलं की उडी, दाबून धरलं की हवेत उलटी कोलांटी. शिकायचं एवढंच. पण लेव्हल 60, आणि प्रत्येकीत तीन कामं. माझ्या दुकानातला पोरगा दुपारी गिऱ्हाईक नसलं की हेच खेळत बसतो.

बनवणारी स्नोमॅन ही टोरांटोची छोटी कंपनी. आधी ते कामांची आठवण करून देणारं ॲप बनवायचे. 19 फेब्रुवारी 2015 ला गेम आयफोनवर आला, किंमत 1.99 डॉलर. वर्षभराने, फेब्रुवारी 2016 मध्ये, तोच गेम अँड्रॉइडवर आला तो फुकट, जाहिरातींसकट.

असं का? त्या काळातला एक आकडा बघा. जानेवारी 2015 मध्ये मॉन्युमेंट व्हॅली या दुसऱ्या गाजलेल्या गेमच्या कंपनीने सांगितलं, की अँड्रॉइडवर त्यांचा गेम जितक्या वेळा इन्स्टॉल झाला त्यातले फक्त 5 टक्के पैसे देऊन. आयफोनवर 40 टक्के. सगळी चोरी नव्हती हां, एकदा विकत घेऊन दोन फोनवर टाकणारेही त्यात आले. पण माल तोच असला तरी बाजार वेगळा, हे त्यातून दिसतं.

आता माझं ऐका. तपकीर गल्लीत मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान सांभाळून मी स्टॉक आणि जीएसटीवर रेकॉर्डेड कोर्स काढला, 499 रुपयांना. 31 विकले गेले. दुसऱ्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक कव्हर घ्यायला आलं आणि स्वतःच्या फोनवर माझाच कोर्स दाखवून म्हणालं, "सर, हे तुम्हीच ना? मस्त समजावता!" कुठल्यातरी ग्रुपवर फुकट आला होता. डोकं फिरलं. सहा हजार घालून पासवर्ड-लॉक लावलं. झालं काय, तर ज्यांनी पैसे भरले होते तेच पासवर्ड विसरून रात्री दहाला फोन करायला लागले. फुकट बघणाऱ्याला काहीच त्रास नाही!

मग कोर्स फुकट केला. आता पैसे घेतो ते समोरच्याच्या दुकानात बसून स्टॉकची शीट लावून देण्याचे, 1500 रुपये. हे फॉरवर्ड होत नाही.

पण थांबा, लगेच सगळं फुकट करू नका. गेम एकाने खेळला काय आणि लाखाने काय, कंपनीचा प्रत्येक माणसामागचा खर्च जवळपास शून्य. माझ्या व्हिडिओचंही तसंच. स्क्रीन गार्डचं तसं नाही. प्रत्येक गार्डमागे खरेदीचे 35 रुपये खिशातून जातात. शिवाय जाहिरातीवर चालायचं तर माणसं प्रचंड लागतात. माझ्या चॅनेलच्या जाहिरातीतून दुकानाचं वीजबिलही निघत नाही, खरं सांगतो.

आणि एक बघा, अँड्रॉइडवर फुकट दिलं म्हणून त्यांनी आयफोनवरची किंमत काढली नाही. देणारा देत होता, घेत राहिले.

मी अडकलोय ते वेगळ्याच ठिकाणी. ऑनलाईन घेतलेला गार्ड आणून लोक म्हणतात, "दादा, जरा लावून द्या ना." माल माझा नाही, पण पोराची दहा मिनिटं जातात आणि बुडबुडा राहिला की शिव्या आम्हाला. या महिन्यापासून 30 रुपये घेतोय. दोन नेहमीची गिऱ्हाईकं तोंड वाकडं करून गेली, एकाने मात्र जाताना चार्जर घेतला. सगळं वहीत लिहून ठेवतोय, महिना संपला की वही व्हिडिओत उघडून दाखवतो.