मजकूर पाहून रूप ठरविणारे मॅक्रो

आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची निकृष्ट मुद्रिते १९७७ साली पाहून खिन्न झालेल्या संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी जी 'टेक्' ही अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास घेतली, तिच्यातील मॅक्रो, म्हणजे एकदा रचून पुन्हा पुन्हा वापरावयाच्या आज्ञा, मला सर्वांत विलक्षण वाटतात. कारण पिंपळनेरात गणिताची प्रश्नपत्रिका जुळविणाऱ्या शिक्षकालाही, घातांकाचा पाया एकच अक्षर असल्यास तो तसाच ठेवावा, बेरीज असल्यास कंसात घालावा, हा हुकूम एकदाच लिहून ठेवता येतो. याहून सूक्ष्म अशी 'मॅथचॉइस' ही आज्ञा स्वतंत्र ओळीतील, मजकुरातील, घातांकातील आणि घातांकाच्याही घातांकातील अशी चारही रूपे आधी जुळविते व स्थान निश्चित झाल्यावरच त्यांतील एक राखते. अशा आज्ञा एकीत एक गुंफल्या, तर श्रम दर थराला चौपट होतात. तेथे हात आखडता घ्यावा.