डासाच्या पोटातील रक्त कोणाचे?

डासांच्या नुसत्या संख्येवरून हिवतापाचा धोका ठरत नाही, कारण रक्त पिणारी मादी माणसाला चावते की जनावराला, यावर सारे अवलंबून असते. भारताच्या ग्रामीण भागातील हिवतापाचा प्रमुख वाहक ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा बहुतांशी गुरांवर पोसला जातो. रक्त प्यालेल्या माद्यांपैकी जितक्यांच्या पोटात माणसाचे रक्त सापडते त्या प्रमाणाला मानवी रक्त निर्देशांक म्हणतात. रोगजंतू घेण्यासाठी एकदा आणि तो देण्यासाठी पुन्हा एकदा, असे दोनदा माणसाला चावावे लागत असल्याने हा निर्देशांक निम्म्यावर आला, तर इतर बाबी तशाच राहिल्या तरी रोगप्रसाराची क्षमता चौथाईवर येते.

रक्त ओळखण्याची पहिली रीत १९०१ साली जर्मनीत उलेनहूट यांनी सिद्ध केली: सशाला माणसाचे रक्तद्रव्य टोचून मिळवलेला सीरम माणसाच्याच रक्ताशी साका धरतो. आता डीएनएवरून प्राणी ओळखता येतो. तथापि प्रयोगशाळेच्या आधीचे काम आरोग्य खात्यातील कीटक समाहारकाच्या हातात असते आणि ते विलक्षण कौशल्याचे आहे. पहाटेच्या गोठ्यात विजेरीच्या उजेडात भिंतीवर विसावलेली मादी हेरून, तोंडाने ओढायच्या शोषनळीत ती अलगद घ्यायची आणि पोटाच्या रंगावरून पारख करायची, कारण लालभडक पोट ताज्या रक्ताचे, तर पांढुरके अंडी पिकल्याचे असते. दोनेक दिवसांत रक्त पचून जाते, म्हणून पोट वेळीच फिल्टर पेपरवर चिरडून, वाळवून, ठिकाण आणि वेळ नोंदवावी लागते.

खरी अडचण या ठिकाणाचीच आहे. गोठ्यात पकडलेल्या डासांत गुरांचे आणि घरातल्यांत माणसांचे रक्त अधिक निघणार हे उघड असून, रक्त पिऊन झुडपांत जाऊन बसणाऱ्या माद्या तर बहुधा हातीच लागत नाहीत. गावात गुरे किती, हे मोजल्याशिवाय डासाची आवड कोणती आणि केवळ उपलब्धता कोणती, हेही कळत नाही. शिवाय क्युलिसिफेसीस ही एकच जात नसून डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच प्रजातींचा समूह आहे. त्यांतील बी ही क्षीण वाहक, तर रामेश्वरम बेटावर अभ्यासलेली ई ही माणसाकडे ओढ असलेली समर्थ वाहक आहे. सर्वांची सरासरी काढली की नेमकी धोक्याची प्रजाती आकड्यात लपते. म्हणून डासांच्या रक्ततपासणीच्या अहवालात निर्देशांक पाहण्याआधी, डास कोठून पकडले हा रकाना वाचावा.