मात्रावृत्त आणि सूर्यफूल

लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा ५ प्रकारांनीं भरतां येतात, पांच मात्रा ८, सहा मात्रा १३. पुढें २१, ३४, ५५. शेवटीं लघु घेतल्यास मागें एक मात्रा कमी उरते, गुरु घेतल्यास दोन; म्हणून मागील दोहोंची बेरीज तीच पुढील संख्या. हेमचंद्राचार्यांनीं हा नियम इ. स. ११५० च्या सुमारास सांगितला. इटलींतील फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा.

आतां सूर्यफूल पाहा. बियांच्या वक्र ओळी पुष्कळदां एका दिशेस ३४, दुसऱ्या दिशेस ५५ भरतात. नवा अंकुर मागच्यापासून सुमारें १३७.५ अंशांवर फुटतो, म्हणून जागा सारखी भरते. अपवादही आढळतात, हा चमत्कार नव्हे, वाढीची रीत होय. मुलांस सूत्र पाठ करावयास सांगण्यापूर्वीं एक फूल हातीं द्यावें. मोजतां मोजतां गणिताची भीति ओसरते.