मधुचंद्राची बॅग आणि केळशीची हवा

लग्नाचा बस्ता बांधताना पैठणीच्या पदरावर मोर किती, शालू कोणत्या रंगाचा, मुलाकडच्या आत्याला कोणती साडी, यावर घरातल्या तीन पिढ्या बसून बोलतात. मधुचंद्राला न्यायच्या अंतर्वस्त्रांची खरेदी मात्र मुलगी बहुधा एकटीच करते, फार तर एखाद्या मैत्रिणीला घेऊन, तीही घाईघाईत. काही हजार रुपये मोजून घेतलेला लेसचा जोड, रेशमी स्लिप, साटनचा गाऊन बॅगेच्या तळाशी जातो आणि त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारत नाही. विचारण्यासारखं पुष्कळ आहे. हे कपडे शरीराच्या सर्वांत नाजूक त्वचेला तासन्‌तास लागून असतात, आणि जिथं ते घालायचे तिथली हवा दुकानातल्या गार हवेसारखी मुळीच नसते.

केळशीचंच उदाहरण घेऊ. दापोली तालुक्याच्या उत्तरेला, भारजा नदीच्या खाडीकाठी वसलेलं हे गाव. महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारी अरुंद वाट, लांबलचक किनारा, आणि डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी जिच्यात जुन्या त्सुनामीच्या खुणा शोधल्या ती वाळूची टेकडी. गर्दी नको असलेली पुण्या-मुंबईची नवी जोडपी इथल्या घरगुती निवासांत दोन-तीन दिवस राहायला येतात. निवांतपणा भरपूर मिळतो. त्याबरोबर मिळते समुद्राची दमट, खारी हवा, आणि बॅग भरताना नेमका तिचाच विचार राहून जातो.

घाम वाळतो तो बाष्पदाबातल्या फरकामुळे. त्वचेचं तापमान ३४ अंश सेल्सिअस धरलं, तर तिच्यावरच्या ओल्या थराचा बाष्पदाब सुमारे ५३ हेक्टोपास्कल भरतो. पुण्यात दुपारी ३० अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल, तर हवेतल्या वाफेचा दाब १३च्या आसपास असतो. म्हणजे फरक ४०. केळशीत तापमान तेच, पण आर्द्रता ८० टक्के धरली तर हवेतला दाब ३४वर जातो आणि फरक उरतो जेमतेम १९. घाम तेवढाच आला तरी तो उडून जाण्याचा जोर निम्म्याहून कमी. पुण्यातल्या दुकानात अंगाला सुखावणारा कपडा केळशीत तासाभरात चिकट होतो, त्यामागे हे साधं गणित आहे.

मग कपड्यानं काय करावं? हवेत न उडालेला घाम थोडा वेळ तरी स्वतःत सामावून घ्यावा. ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, रेशीम ११ टक्के, व्हिस्कोस १३ टक्के. नायलॉन चारच्या आसपास अडकतं, आणि पॉलिएस्टरचा आकडा आहे ०.४ टक्के. हवा जसजशी दमट होते तसतसं रेशीम आणखी ओलावा पीत जातं आणि तरीही हाताला बराच वेळ कोरडं लागतं. पॉलिएस्टर पाण्याला थारा देत नाही, त्यामुळे घाम कपडा आणि त्वचा यांच्यामध्ये पातळ थर करून बसतो.

खरेदीतली सर्वांत महागडी चूक इथं होते. चकाकणारं साटन पाहिलं की रेशीम घेतल्याचं समाधान वाटतं. साटनमध्ये धागा चार-चार धाग्यांवरून तरंगत जातो, पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश एका दिशेनं परततो आणि कापड चमकतं. ही चमक विणीची असते. धागा रेशमाचा असो वा पॉलिएस्टरचा, ती मिळतेच. बाजारातलं बरंचसं साटन पॉलिएस्टरचं असतं. डिसेंबरात महाबळेश्वरला ते चालून जाईल, केळशीत नाही. म्हणून आतल्या शिवणीवरचं लेबल वाचावं. भारतात शुद्ध रेशमासाठी २००४ पासून ‘सिल्क मार्क’ची खूण आहे. ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस असतं. ते वाईट नाही, दमट हवेत उलट चांगलंच. फक्त त्यासाठी वेगळी किंमत मोजण्याचं कारण नाही.

खऱ्या रेशमाचं मोल समजून घेण्यासारखं आहे. तुतीवरची अळी एका कोशासाठी शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू काढते. त्यावरचा सेरिसिन नावाचा चिकट लेप उकळून काढला की फायब्रॉइन हे प्रथिन उरतं. त्याचा छेद गोलसर त्रिकोणी असल्यानं प्रकाश आत वळून बाहेर येतो आणि ती खोल, मऊ झळाळी दिसते. रेशमी कापडाचं वजन ‘मोमी’ या जपानी मापात सांगतात. १ मोमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. १९ मोमीचं कापड स्लिपसाठी उत्तम; फार विरळ घेतलं तर शिवणीपाशी धागे सरकतात. मात्र प्रथिन असल्यामुळे रेशमाचे शत्रू ठरलेले आहेत : कडक ऊन, ब्लीच, सोडायुक्त धुण्याची पावडर, आणि साठलेला घाम. दुर्गंधीनाशकातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांनीही ते कमजोर होतं. दुर्गंधीनाशक अंगावर पूर्ण वाळू द्यावं आणि मगच रेशीम घालावं.

आपल्याकडच्या नवरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे हळद. हळदीच्या दिवशी अंगाला लागलेलं कर्क्युमिन एका आंघोळीत जात नाही. पुढचे एक-दोन दिवस ते घामाबरोबर कपड्यात उतरत राहतं. पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या लेसवर पिवळा डाग पडतो, आणि साबण लावताच तो तांबूस होतो, कारण अल्कलीत कर्क्युमिनचा रंग बदलतो. डाग उन्हात फिका पडतो, पण रेशमाला ऊन सोसत नाही. पहिल्या दोन दिवसांसाठी गडद रंग ठेवणं हा सोपा उपाय.

गडद रंगाचीही एक अट आहे. काळ्या-निळ्या कृत्रिम कापडांत वापरले जाणारे काही ‘डिस्पर्स’ जातीचे रंग त्वचेला ॲलर्जी देणारे म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना चांगलेच परिचित आहेत. घामानं ते सुटून त्वचेत जातात. शिवाय सुरकुत्या पडू नयेत म्हणून काही कापडांवर फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिन चढवलेलं असतं. नवे जोड एकदा सौम्य साबणानं धुऊन, घरी अर्धा दिवस घालून पाहावेत. नवं कोरं पाकीट केळशीच्या खोलीत पहिल्यांदा फोडण्यात जी गंमत वाटते, तिची किंमत मांडीवरच्या पुरळानं चुकवायला लागू शकते.

आता मापाकडे येऊ. ब्राचा बहुतेक भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे, छातीभोवतीच्या पट्टीनं पेलायचा असतो. ३४सी आणि ३६बी यांच्या कपाचं आकारमान जवळपास सारखंच असतं. बदलते ती पट्टी. पट्टीला ताण देतो इलास्टेन. जोसेफ शिव्हर्स यांनी ड्यूपाँ कंपनीत १९५८ मध्ये शोधलेला हा धागा आपल्या लांबीच्या पाच-सहा पट ताणला जाऊन परत येतो, कारण त्याच्या रेणूत मऊ, गुंडाळलेले भाग आणि त्यांना बांधून ठेवणारे कडक भाग आलटून-पालटून असतात. वापरानं तो हळूहळू सैलावतो. म्हणून नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसणारी घ्यावी, आतले हुक पुढच्या महिन्यांसाठी राहतात. तेल, क्लोरीन आणि उष्णता इलास्टेनला मानवत नाहीत. ताम्हिणीतून माणगाव-मंडणगडमार्गे येताना जेवायला गाडी उन्हात उभी केली, तर बंद गाडीतलं तापमान भराभर चढतं. नाजूक कपड्यांची पिशवी डिकीत न टाकता सीटखाली सावलीत ठेवलेली बरी.

मापाचा खरा गोंधळ मात्र पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांमुळे होतो, आणि याबद्दल उघडपणे बोललं जावं असं मला फार वाटतं. मुहूर्त, पूजा, सत्यनारायण यांच्यासाठी असंख्य मुली नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतात. हे प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक आहे. नैसर्गिक चक्राच्या उत्तरार्धातही प्रोजेस्टेरॉनमुळे स्तन थोडे फुगतात, दुखरे होतात. या गोळ्यांनी ते आणखी जाणवू शकतं, पोटही फुगल्यासारखं वाटतं. महिनाभर आधी मोजून घेतलेली तारेची ब्रा त्या आठवड्यात काचू लागते. शिवाय गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. सत्यनारायणाच्या संध्याकाळी शेवटची गोळी घेतली, तर हिशेब नेमका केळशीच्या मुक्कामावर येऊन पडतो! हे मुलीला आधी कोणी सांगत नाही. रक्ताच्या गाठीचा किंवा यकृताच्या आजाराचा इतिहास असेल, अर्धशिशी असेल, तर या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊच नयेत. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तारखांचं नियोजन करावं. आणि बॅगेत एक-दोन बिनतारेच्या, मऊ सुती ब्रा असाव्यातच. त्या दिसायला साध्या असल्या तरी दुखऱ्या अंगाला खरी चैन त्यांचीच.

बॅग भरणं त्या मानानं सोपं. रेशीम घडी न घालता मऊ कापडात गुंडाळावं, म्हणजे घडीच्या रेषेवर तंतू मोडत नाहीत. फोमचे कप एकात एक बसवून ठेवावेत, एक कप उलटा करून दुसऱ्यात दाबू नये. लेस हुकांपासून वेगळी ठेवावी. पांढरे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत दीर्घकाळ ठेवले की आपोआप पिवळे पडतात, त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे. प्लॅस्टिक टिकावं म्हणून त्यात मिसळलेलं बीएचटी हे द्रव्य बाहेर झिरपतं, हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्याची क्रिया होते आणि कापडावर पिवळा रंग बसतो. प्रवासापुरती बंद पिशवी ठीक आहे, पण कपडे पूर्ण कोरडे हवेत आणि सोबत सिलिका जेलची पुडी हवी. एरवी मलमलीची पिशवी उत्तम. डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत. त्यांची वाफ कापडात आणि नंतर श्वासात येते.

केळशीत पोहोचल्यावरचा मुख्य प्रश्न वाळवण्याचा. समुद्रात भिजलेला कपडा गोड्या पाण्यात न धुता वाळत घातला तर तो रात्री पुन्हा ओलसर लागतो. साधं मीठ ७५ टक्क्यांवरच्या आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच. कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. तेच मीठ आपल्या कपड्याच्या धाग्यात बसलेलं असतं. त्यात लेसच्या जाळीत अडकलेली वाळू त्वचेला घासत राहते. म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर दोनदा गोड्या पाण्यातून काढावं आणि पिळण्याऐवजी पंच्यात गुंडाळून दाबावं.

मग वलणीवर काय दिसतं? बाहेर टॉवेल, आत अंतर्वस्त्रं. घराघरांत मुलींना हेच शिकवलं जातं. त्या टॉवेलखाली वारा पोहोचत नाही, ऊन पोहोचत नाही, कपडा दिवसभर दमट राहतो आणि ६५-७० टक्क्यांवरच्या आर्द्रतेत बुरशीला हवं ते सारं मिळतं. अर्धवट वाळलेली निकर पुन्हा अंगावर चढते. याच दापोली तालुक्यातल्या मुरुडला १८८२ मध्ये र. धों. कर्वे जन्मले. गणिताच्या या प्राध्यापकानं १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिलं, त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तेव्हापासून इतका काळ लोटला, तरी कपडा उघड्यावर वाळत घालायला आपल्या मुली बिचकतात याचं मला वाईट वाटतं. सुती निकर उन्हातच वाळवाव्यात. रेशीम आणि लेस सावलीत, पण वाऱ्याच्या वाटेवर. घरमालकिणीला विचारलं तर बहुधा मागीलदारी, पोफळीच्या बाजूला, ती आपणहून दोरी बांधून देईल.

निकर कितीही महाग असो, जांघेतला आतला थर सुती हवा. योनीमार्गातलं आम्ल वातावरण, म्हणजे ३.८ ते ४.५ पीएच, लॅक्टोबॅसिलस जीवाणूंमुळे टिकतं आणि इतर जंतूंना रोखतं. हा समतोल बिघडू नये म्हणून सतत घट्ट व ओला कपडा घालू नये असं डॉक्टर सांगतात. नवविवाहितांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग इतका नेहमीचा आहे की वैद्यकात त्याला मधुचंद्राच्या नावानंच ओळखतात. संबंधांच्या वेळी ई. कोलाय जीवाणू मूत्रमार्गात सरकतात. संबंधांनंतर लघवीला जाऊन येणं आणि दिवसभर पुरेसं पाणी पिणं यांनी धोका कमी होऊ शकतो. तरीही लघवीला जळजळ झाली, ताप आला किंवा पाठीत दुखू लागलं, तर घरी परतेपर्यंत थांबू नये. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथं त्याच दिवशी जावं आणि नवऱ्यानं सोबत जावं.