छत गळू लागले तर?

मृत्युपत्रांत एक वाक्य हमखास आढळते: ‘माझ्या पश्चात पत्नीने हयातभर या घरात राहावे, त्यानंतर घर मुलाला मिळावे.’ वाक्य मायेचे आहे, पण अपुरे. घरपट्टी कोणी भरायची? छत गळू लागले तर गवंड्याचे पैसे कोणी द्यायचे? आई म्हणते, घर त्याचे होणार. मुलगा म्हणतो, राहते तर ती. दोघेही खोटे बोलत नाहीत आणि छत मात्र गळत राहते.

मी कवी, वकील नव्हे. पण मुस्लिम कायद्यातले दोन शब्द मला फार आवडतात: ‘ऐन’ आणि ‘मनाफे’. ऐन म्हणजे मूळ वस्तू, मनाफे म्हणजे तिचा उपभोग. (आपल्या मराठीतले ‘ऐनजिनसी’ आणि ‘नफा’ याच कुळातले.) १९४८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही एका हिंदुस्थानी खटल्यात हाच भेद ग्राह्य धरला. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या ग्रंथात तर आपला प्रश्नच आला आहे. वक्फ केलेल्या घरात राहण्याचा हक्क ज्याला, डागडुजी त्याची. पण तो नकार देत असेल किंवा गरीब असेल? तर काझीने घर भाड्याने द्यावे, भाड्यातून दुरुस्ती करावी आणि घर पुन्हा त्याच्याच हाती द्यावे. गरिबाचा हक्क बुडवायचा नाही, ही त्यातली माणुसकी.

इंग्रजी न्यायालयांनी रुळवलेली वाटणीही याच्या जवळ जाते. घरपट्टी, वीज, पाणी असा चालू खर्च राहणाऱ्याचा. टिकाऊ स्वरूपाचा भांडवली खर्च पुढच्या मालकाच्या वाट्याचा. घरावर कर्ज असेल तर हयातभर व्याज राहणाऱ्याने भरायचे, मुद्दल मूळ मालमत्तेतून फिटायचे. मला हा हिशेब न्याय्य वाटतो.

अडचण मधल्या खर्चाची. सोसायटीच्या मासिक बिलातच पाहा. झाडलोट, पहारेकरी, लिफ्टची वीज हा उपभोग झाला. पण त्याच बिलातला सिंकिंग फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी साठवला जातो. आदर्श उपविधींनुसार तो दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के असतो. सत्तरीतल्या आईने तो का भरावा? आणि इमारत तीस वर्षांची झाली, संरचनेची तपासणी होऊन खांबांच्या दुरुस्तीची लाखांची वर्गणी निघाली, तर पेन्शनवर जगणारीने ती आणायची कुठून?

म्हणून मृत्युपत्र करतानाच चार ओळी वाढवाव्यात: चालू खर्च कोणाचा, मोठी दुरुस्ती कोणाची, खोली भाड्याने देता येईल का, दुरुस्तीसाठी कोणती ठेव राखली आहे. मसुदा वकिलाला दाखवावा. मुस्लिम कुटुंबात पत्नी स्वतःच वारस असल्याने, सुन्नी कायद्यानुसार, तिच्या नावे वसीयत केली तर इतर वारसांची संमती लागते. हिंदू पत्नीला पोटगीच्या हक्कापोटी असे घर मिळाले असेल, तर १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे ती पूर्ण मालकीणही ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुलसम्मा खटल्यात तसे सांगितले. मग छताचा खर्च तिचा, आणि घर विकायचे की नाही हेही तीच ठरवणार.