कळप ठरतो हिवाळ्यावर

(लेखमाला : डोंगर, कुरण आणि कळप – भाग ४)

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सदर्न आल्प्सच्या पूर्वेला, कँटरबरीपासून ओटॅगोपर्यंत मेरिनो मेंढ्यांची प्रचंड शीप स्टेशन्स, म्हणजे मेंढपाळीची कुरणं, आहेत. एकेकाची जमीन हजारो हेक्टर. पण कळप किती मोठा ठेवायचा, हे त्या हेक्टरांवर ठरत नाही. उन्हाळ्यात उंचावर चारा भरपूर असतो; खरी परीक्षा जून ते ऑगस्ट, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. त्या दिवसांत जेवढ्या मेंढ्या तग धरतील, तेवढ्याच पाळाव्यात.

म्हणून जाणता मालक डोंगर बघताना आधी उताराचं तोंड कुठे आहे ते बघतो. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं. उत्तरेच्या उतारावरचं बर्फ लवकर वितळून गवत उघडं पडतं, दक्षिणेचा उतार मात्र आठवडेच्या आठवडे गोठलेला राहतो. उन्हाच्या अंगाचं हे गवत उन्हाळाभर राखायचं. मेंढ्यांना तिथे आधीच सोडलं, तर हिवाळ्यात त्यांच्या तोंडी काय द्यायचं?

एप्रिलच्या सुमारास कळप खाली उतरवतात. माणसं पहाटेच्या अंधारात चढून डोंगरभर पांगतात आणि मेंढ्या हाकत खाली येतात. हंटअवे कुत्रा मागून भुंकून कळप रेटतो. हेडिंग कुत्रा आवाज न करता वळसा घालून पुढे जातो आणि नुसत्या नजरेनं मेंढ्यांना थोपवतो. तरी एखादी निसटतेच. बेंडिगो स्टेशनचा ‘श्रेक’ नावाचा मेरिनो सहा वर्षं गुहांमध्ये राहिला. 2004 मध्ये तो सापडला, तेव्हा त्याच्या अंगावरून 27 किलो लोकर उतरली.

मोठं बर्फ पडलं की मेंढ्या जिथल्या तिथे दाटीवाटीनं उभ्या राहतात. भुकेनं एकमेकींची लोकरसुद्धा कुरतडतात. मग माणसं बर्फ तुडवत, फावड्यानं ओढत, उन्हाच्या उतारापर्यंत वाट पाडतात. पहिली मेंढी त्या वाटेला लागली की बाकीच्या तिच्यामागून रांगेनं निघतात. थंडीच्याच धास्तीनं काही स्टेशनांवर आजही मशीनऐवजी हातकात्रीनं लोकर काढतात, कारण तिनं अंगावर जरा जाड थर शिल्लक राहतो.

जमिनीकडून झेपेल त्याहून जास्त घेतलं तर काय होतं, ते मार्लबरोतल्या मोल्सवर्थनं भोगलं. सुमारे 1,80,000 हेक्टरांचं हे देशातलं सर्वांत मोठं स्टेशन. मेंढ्यांना कोवळे कोंब मिळावेत म्हणून झुबकेदार गवत पुनःपुन्हा जाळलं गेलं. कळप वाढवले, उरलेलं सशांनी फस्त केलं आणि उघड्या उतारांची माती वाहून गेली. 1938 मध्ये भाडेपट्टेदार जमीन सोडून गेले आणि ती सरकारच्या ताब्यात आली.

1942 पासून 1978 पर्यंत व्यवस्थापक होते बिल चिझम. ससे मारले, बोडक्या जागी गवताचं बी पेरलं, आणि मेंढ्यांऐवजी गुरं आणली. मेंढी गवत अगदी मुळाशी कुरतडते, गाय तेवढं खाली खात नाही. खचलेल्या जमिनीला हा फरक मोठा होता. उघडे पडलेले उतार हळूहळू पुन्हा झाकले गेले. एवढा धीर धरायला छत्तीस वर्षं एकाच डोंगरावर काढलेला माणूस लागला, हे आवर्जून नोंदवायला हवं. मोल्सवर्थवर आजही गुरंच चरतात.